सेकंडहँड ट्रॅव्हलर मोटरहोम घेताना खालची गाडी कशी तपासायची

दादा, तुमचा प्रश्न सगळा वाचला. तुम्ही कराडचे, घरात तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. सांगलीत २०१५ ची एक फोर्स ट्रॅव्हलर बघून आलाय, आधी टूरवर पळणारी १२ सीटर होती, २०२१ च्या शेवटी कुणीतरी तिची मोटरहोम करून घेतली, आत बेड, किचन, छोटं बाथरूम, वरती एसी, मीटरवर ८५ हजार किलोमीटर, मालक अकरा लाख म्हणतोय. घ्यावी का, आणि घेण्याआधी मेकॅनिकली काय काय बघायचं, हा प्रश्न. मी साताऱ्यात डिझेल गाड्यांचं काम करतो, ट्रॅव्हलर, विंगर, टेम्पो हेच रोजचं, आणि अलीकडे अशा घर केलेल्या गाड्या पण कामाला यायला लागल्यात, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्ही पाठवलेले सगळे फोटो आतले आहेत. सनमायका, एलईडी पट्ट्या, गादीची खोळ, बेसिन. खालचा एक पण फोटो नाही, कमानपाट्याचा नाही, सायलेन्सरचा नाही, इंजिनचा पण नाही. मालकाची चूक आहे असं म्हणत नाही, सगळे असेच फोटो टाकतात, कारण घेणारा आत बघूनच भुलतो. पण आतलं फर्निचर कुठलाही चांगला सुतार महिन्याभरात नवीन करून देतो. अकरा लाखातला खरा पैसा खालच्या चासीत, इंजिनात आणि कागदात आहे, तेवढं धड असेल तर बाकीचं सगळं होतं. आणि अशा गाड्यांचे बिघाड रोज पळणाऱ्या ट्रॅव्हलरपेक्षा वेगळे असतात, ते बहुतेक दोनच गोष्टींमुळं येतात, एक म्हणजे गाडी महिनोन्‌महिने उभी राहते आणि दुसरं म्हणजे तिच्यात मापाबाहेर वजन भरलेलं असतं. या दोन गोष्टी डोक्यात ठेवून बघितलं की कुठं हात घालायचा ते कळतं.

त्याच्या आधी एक शंका आहे ती बोलून टाकतो. गाडी सांगलीतली, आणि घर केलं २०२१ च्या शेवटी. जुलै २०२१ मध्ये सांगलीत महापूर आला होता, त्याच्या आधी ऑगस्ट २०१९ चा, तेव्हा तर आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दोन्ही पुरांत कितीतरी गाड्या पार्किंगमध्ये जागेवरच बुडाल्या. ही गाडी बुडालेलीच असेल असं अजिबात नाही, लॉकडाऊनमध्ये टूरचा धंदा बसला म्हणून पण खूप जणांनी ट्रॅव्हलर विकल्या किंवा घर करून घेतल्या, ते पण तितकंच शक्य आहे. पण बुडालेल्या गाडीचं आतलं सगळं उचकटून टाकून नवीन प्लायवूड आणि लायनिंग मारलं की पुराची खूण झाकायला त्याच्याइतकं सोपं काही नाही, म्हणून हे तपासल्याशिवाय पुढं जाऊ नका.

कसं तपासायचं तर ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा, अगदी रीळ संपेपर्यंत. शेवटचा हातभर पट्टा जो कधीच बाहेर येत नाही त्याच्यावर मातकट डाग किंवा वाळलेल्या चिखलाची रेघ दिसली तर गाडी पाण्यात होती. बेल्ट नवीन कोरा असेल तर का बदलला ते विचारा. मग ड्रायव्हर सीटच्या खालचे रूळ आणि बोल्ट, डॅशबोर्डच्या खाली टॉर्च मारून लोखंडी पट्ट्या, फ्यूज बॉक्सचे एक-दोन फ्यूज काढून त्यांचे पाय हिरवट झालेत का ते, हेडलाइटच्या आत पाण्याची आडवी रेघ आहे का ते. डॅशच्या मागच्या वायरिंगच्या जुडग्यात बोट घालून बघा, तिथली बारीक गाळाची पूड कुणी धूत बसत नाही. आणि मालकाकडून त्या दोन वर्षांच्या इन्शुरन्स पॉलिसी मागा, नो क्लेम बोनस एकदम शून्यावर आलेला असेल तर क्लेम झालाय हे कळतं, मग तो कशाचा ते विचारा. यातलं काही स्पष्ट सापडलं तर गाडी सोडून द्या, मग ती आठ लाखाला पडो नाहीतर सहा लाखाला. पुरात बुडालेल्या गाडीचं वायरिंग पुढची तीन-चार वर्षं एकेक करून मरत राहतं आणि आईंना घेऊन तुम्ही कुठंतरी रस्त्यावर अडकता.

८५ हजार किलोमीटरवर माझा विश्वास बसत नाही. सहा वर्षं टूरवर पळालेली ट्रॅव्हलर म्हणजे शिर्डी, तुळजापूर, गणपतीपुळे, अष्टविनायक, सीझनला आठवडाभर चाकं थांबत नाहीत. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचं रबर बघा, स्टेअरिंगची कड गुळगुळीत झालीय का बघा, गिअरच्या मुठीवरचे आकडे पुसलेत का बघा. मीटर मागं फिरवता येतो, घासलेलं पेडल परत खडबडीत होत नाही. नवीन रबर बसवलेलं असेल तर त्याच्या मागची लोखंडी पाटी बघा. अडीच लाख किलोमीटर पळालेली असली तरी मला चालते, हे इंजिन जुन्या मर्सिडीजच्या ओएम ६१६ च्या घराण्यातलं, २५९६ सीसीचं, तेल वेळेवर बदललं तर दणकट आहे आणि पार्ट कराडला, सांगलीला कुठंही मिळतात. फक्त अडीच लाखाच्या गाडीला ८५ हजाराचा भाव द्यायचा नाही.

आता इंजिन. मालकाला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही सकाळी येतोय, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर पहिलं बॉनेट उघडून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा, कोमट लागला तर त्यानं आधीच चालू करून ठेवलीय, मग चहा-नाष्टा करून या, दोन-तीन तास जाऊ द्या. गार इंजिन असतानाच कूलंटचं टोपण उघडायचं, गरम असताना चुकूनसुद्धा नाही. आत कूलंटचा रंग दिसला पाहिजे, नुसतं गंजलेलं तांबडं पाणी असेल तर या गाडीला कुणी कूलंट घातलेलंच नाही आणि रेडिएटर, वॉटरपंप आतून खाल्लेले असणार. वरती तेलाचा तवंग किंवा ऑइल कॅपच्या आतून दुधाळ साय दिसली तर हेड गॅस्केटचा संशय धरा. पण कॅपखाली जराशी साय नुसत्या ओलाव्यानं पण येते, विशेषतः गाडी उभी राहून अधूनमधून पाच मिनिटं चालू केली जात असेल तर, म्हणून तेवढ्यावरून लगेच निकाल लावू नका, डिपस्टिकवरचं ऑइल पण बघा.

मग चालू करायला सांगा आणि तुम्ही मागं सायलेन्सरपाशी उभे राहा. एक-दोन सेकंदात सुटली पाहिजे. सुरुवातीला थोडा पांढरट धूर येऊन गेला तर ठीक आहे. निळा धूर येतच राहिला तर ऑइल खातेय, रिंगा, व्हॉल्व्ह सील नाहीतर टर्बो. पांढरा धूर गोडसर वासाचा आणि थांबतच नसेल तर पाणी आत जातंय. काळा धूर जोरात अॅक्सिलेटर दिल्यावर जरासा चालतो, पण लोट सुटत असतील तर इंजेक्टर, पंप नाहीतर हवा कमी पडतेय. इंजिन गरम झालं की आयडलवर ऑइल भरायचं टोपण सैल करून तसंच वरती ठेवा. जागेवर नुसतं थरथरलं तर ठीक, फाट-फाट करून उडायला लागलं आणि भोकातून धूर यायला लागला तर कॉम्प्रेशन खाली गळतंय, इंजिन कामाला आलंय. असं दिसलं तर पुढं कॉम्प्रेशन टेस्ट करून घेतल्याशिवाय बोलणी नको. या वयाच्या गाड्यांत साधा पंप असलेलं पण इंजिन येतं आणि कॉमन रेल, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजेक्टरचं पण येतं, कॉमन रेल असेल तर डिझेल पंपवाल्याकडून इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट करून घ्या, इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना बाटल्या लावायच्या आणि कुठली बाटली लवकर भरते ते बघायचं, तासाभराचं काम आहे पण चार इंजेक्टरचा खर्च आधीच कळतो. साखळीचा आवाज पण ऐका, या इंजिनला टायमिंग चेन आहे, गार असताना पुढून खळखळ आली आणि गेलीच नाही तर चेन-टेन्शनर बघावं लागेल.

उभ्या राहिलेल्या गाडीत डिझेल हा वेगळाच विषय आहे. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर उभी राहिली की आत पाणी धरतं, त्यात काळा चिकट गाळ होतो आणि तो फिल्टर चोंदवत राहतो. डिझेल फिल्टरच्या खालचा ड्रेन स्क्रू सैल करून काचेच्या बाटलीत थोडं काढून घ्या, पाच मिनिटं ठेवा, खाली पाण्याचा थर आणि काळे कण बसले तर टाकी उतरवून धुवावी लागणार. आणि उंदीर. किचन असलेली गाडी उभी राहिली की उंदीर येतातच, इंजिनच्या वरच्या वायरिंगला कुरतडल्याच्या खुणा, लेंड्या, एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, हे सगळं उघडून बघायचं.

ब्रेक तर अशा गाड्यांचे हमखास धरलेले असतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, उभ्या गाडीत मागचे व्हील सिलिंडर आणि पुढचे कॅलिपर पिस्टन आतून गंजून अडकतात, मग एक चाक धरून राहतं आणि घाटात तेच तापतं. गाडी सपाट जागेवर न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी ढकलून बघा, जड गाडी आहे पण हलायला पाहिजे, एकदम खिळल्यासारखी वाटली तर कुठंतरी धरलंय. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल, मग दाबून धरूनच इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली गेलं पाहिजे, नाही गेलं तर बूस्टर नाहीतर व्हॅक्यूमची लाइन बघावी लागेल.

टायरवरची नक्षी बघून फसू नका. घर केलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, वयानं मरतात. टायरच्या कडेला एका लंबगोलात चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सहा वर्षांच्या वर गेलेल्या टायरची नक्षी कितीही शाबूत दिसली तरी मी बदलायलाच सांगतो, आणि मागं डबल टायर असतील तर आतला टायर वाकून टॉर्चनं बघा, त्याच्याकडं कुणी कधी लक्ष देत नाही, हवा पण भरलेली नसते. सगळे टायर बदलायचा खर्च आत्ताच कुठल्याही दुकानात विचारून ठेवा, भावात तो वळता करायचाय.

आता मुख्य मुद्दा, वजन. याच्याकडं सगळ्यात कमी लक्ष जातं आणि सगळ्यात जास्त नुकसान यानं होतं. १८ एमएमच्या प्लायचा एक आठ बाय चारचा शीट पस्तीस किलोच्या आसपास भरतो. पार्टिशन, बेड, कपाटं, ओटा, बाथरूम धरून पंधरा शीट लागले तर पाचशे किलोच्या वर नुसतं लाकूड झालं. दीडशे लिटरची पाण्याची टाकी म्हणजे दीडशे किलो. दोन मोठ्या ट्यूब्युलर बॅटऱ्या शंभर किलोच्या वर. एसी, फ्रिज, गॅस, इन्व्हर्टर, ताडपत्री, खुर्च्या. मग तुम्ही पाच माणसं आणि सामान. आरसीवर गाडीचं रिकामं वजन आणि भरलेलं एकूण वजन दोन्ही लिहिलेलं असतं, त्या दोघांतला फरक म्हणजे कंपनीनं दिलेली उचल. १२ माणसं आणि त्यांच्या बॅगा एवढा हिशोब धरून ती गाडी बनलेली असते, आणि टूरची गाडी निदान परत येताना रिकामी तरी असते, मोटरहोम चोवीस तास भरलेलीच उभी असते. कमानपाटे रात्रंदिवस दाबलेले राहतात आणि हळूहळू बसतात.

म्हणून गाडी वजनकाट्यावर न्या. आपल्याकडं साखर कारखान्यांमुळं काट्यांना तोटा नाही, सांगली-साताऱ्याच्या कुठल्याही हायवेला खासगी काटा पण सापडतो, पावती करायला फार पैसे लागत नाहीत. पाण्याची टाकी फुल भरून, डिझेल फुल करून न्यायची. तीन वजनं करा, पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. त्यात पाच माणसं आणि सामानाचे चारशे-साडेचारशे किलो मनानं मिळवा. एकूण वजन आरसीच्या आकड्याच्या वर जात असेल तर ती गाडी तशीच घेणं म्हणजे ब्रेक, टायर, हाऊसिंगचे (मागच्या एक्सलचे) बेअरिंग सगळं रोज मर्यादेबाहेर चालवणं. मागच्या एक्सलचा आकडा जास्त आणि पुढचा फारच कमी आला तर बहुतेक पाण्याची टाकी आणि बॅटऱ्या मागच्या चाकांच्याही मागं टाकल्यात, अशी गाडी हायवेला नव्वदवर स्टेअरिंगला हलकी लागते आणि क्रॉस वाऱ्यात ओढते.

दुसरी एक साधी गोष्ट, मोजपट्टी घ्या. गाडी सपाट काँक्रीटवर उभी करून चारही चाकांच्या वरती, चाकाच्या बरोबर मधोमध, जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजा. डावी-उजवी बाजू बोटभर इकडं-तिकडं चालेल. दोन-अडीच इंचाचा फरक असेल तर एका बाजूला ओटा, फ्रिज आणि टाकी सगळं लादलंय आणि त्या बाजूचे पाटे बसलेत. मग खाली जाऊन पाटे बघा, सगळ्या पाट्यांची कमान दिसली पाहिजे, सरळ सपाट झाले असतील किंवा उलटे वाकले असतील तर गेले. पाट्यांवर आडवी बारीक चीर, तुटलेलं पान, मधल्या बोल्टाजवळ तांबडी गंजपूड, शॅकलच्या बुशांचा खुळखुळाट, यू-बोल्टच्या नटाशेजारी चकाकणारा घासलेला भाग. आणि काही जण वजन पेलेना म्हणून वरून एक जादा पान घालून देतात, त्यानं गाडी उंच दिसते पण चासीवर आणि ब्रेकवरचं वजन काही कमी होत नाही. एखादं पान नवीन काळंभोर आणि बाकीचे जुने तांबडे दिसले की समजायचं.

खाली गेलाच आहात तर चासी पुढून मागपर्यंत बघून घ्या. जॅकवर गाडी घेतली तर घोडी (लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय खाली जायचं नाही, हे कितीही घाई असली तरी. पाण्याची टाकी, बॅटरीचा डबा, ग्रे वॉटरची (सांडपाण्याची) टाकी टांगायला चासीला भोकं पाडलीत का, वेल्डिंगचे टाके मारलेत का ते बघा. चासीच्या वरच्या आणि खालच्या कडेला भोक पाडणं एकदम चूक, मधल्या उभ्या भागात बोल्टनं पट्टी धरली असेल तर समजू शकतो. ताजा काळा रंग मारलेला असेल तर पेचकसच्या मुठीनं ठोकत जा, बदबद आवाज आला तिथं गंज. प्रॉपशाफ्टचं सेंटर बेअरिंग आणि जॉइंट क्रॉस हातानं हलवून बघा. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, बेअरिंगचा नाहीतर किंगपिनचा प्ले लगेच कळतो.

आता चालवून बघणं. सांगली-मिरज सगळी सपाट, तिथं गाडीचं काही कळत नाही, कूपवाडपर्यंत फिरवून आणून मालक म्हणेल बघा कशी पळते. मालकाला डिझेल द्या आणि गाडी साताऱ्यात आणायला लावा, सव्वाशेच्या आसपास किलोमीटर हायवे होतो तेवढ्यात फिफ्थ गिअरचा आवाज, हाऊसिंगची घरघर, स्टेअरिंगची थरथर सगळं कळतं. अॅक्सिलेटर दिल्यावर वूंऽऽ करणारा आणि सोडल्यावर बदलणारा आवाज मागून येत असेल तर क्राऊन-पिनियन, म्हणजे हाऊसिंगमधले मुख्य गिअर खराब. वाटेत फोर्थला चाळीसच्या स्पीडला पूर्ण अॅक्सिलेटर दाबा, इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मात्र उचलेना तर क्लचप्लेट घसरतेय.

मग साताऱ्यातून कासच्या रस्त्यानं यवतेश्वरचा घाट चढा. टाकी भरलेली, माणसं बसलेली, ड्रायव्हरचा एसी चालू. सेकंड-थर्डला चढताना टेम्परेचरचा काटा नेहमीच्या जागेवरून थोडा वर जाऊन थांबला तर हरकत नाही, चढतच गेला तर रेडिएटर, फॅनचा क्लच, थर्मोस्टॅट नाहीतर हेड गॅस्केट. वरती पोचल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, पाच मिनिटं आयडलवर ठेवा, तेव्हाच काटा उडी मारतो की खाली येतो ते खरं कळतं. उतरताना सेकंड गिअरमध्ये उतरा, मुद्दाम दोन-तीनदा नीट ब्रेक लावा, मागं कुणी नाही बघून. गाडी एका बाजूला ओढते का, पेडल स्पंजसारखं होत चाललंय का. खाली बोगद्यापाशी सावलीला थांबा आणि प्रत्येक चाकाजवळ हाताची मागची बाजू न्या, रिमला टेकवायची नाही, नुसती जवळ. एकाच चाकाची धग बाकीच्यांपेक्षा जास्त लागली, जळका वास आला, तर तेच चाक धरतंय. आईंना घेऊन पसरणी, कुंभार्ली, आंबेनळी असले घाट उतरणार असाल तर या टेस्टमध्ये तडजोड नको.

घराच्या भागात मी तीनच गोष्टी बघतो, बाकी सगळं बदलता येतं. पहिली, पाणी गळती. एसी आणि छताच्या झरोक्यासाठी पत्रा कापताना आतली आडवी कमान पण कापलीय का ते विचारा, कापली असेल तर छत लवचिक होतं आणि मग कितीही सिलिकॉन भरा, गळतंच. वॉशिंग सेंटरला नेऊन वरून दहा मिनिटं पाणी मारा, मग आत जाऊन कपाटांचे वरचे कोपरे, खिडकीच्या खालचं प्लाय अंगठ्यानं दाबत जा, मऊ लागलं, फुगलं, कुबट वास आला तर ते आतून कुजलंय. महाबळेश्वर-कासच्या एका पावसाळ्यात बाकीचं पण कुजेल.

दुसरी, गॅस. घरगुती लाल सिलिंडर बेडखाली बंद कप्प्यात ठेवलेला मी बघितलाय, ते बघून अंगावर काटा येतो. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो, त्यामुळं सिलिंडरचा कप्पा आतल्या बाजूनं पूर्ण बंद आणि तळाला थेट बाहेर उघडणारी जाळी असलेला पाहिजे. नळी आयएसआय मार्कची आणि तारीख बघून, जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. नाहीतर सरळ इंडक्शनचा विचार करा, पण मग बॅटरीचं गणित येतं.

तिसरी, वायरिंग. २००० वॅटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर फुल लोडला १७०-१८० अँपिअर ओढतो, त्याला करंगळीएवढी जाड केबल आणि बॅटरीच्या अगदी शेजारी फ्यूज पाहिजेच पाहिजे. फ्यूज नाही, बारीक वायर, चिकटपट्टीचे जोड असतील तर गाडीत आग लागण्याचं तेच कारण ठरतं. आणि मालक म्हणाला की रात्रभर बॅटरीवर एसी चालतो तर हिशोब करा, १५० अँपिअरची एक बॅटरी म्हणजे १.८ युनिट, लेड-अॅसिड असेल तर त्यातली निम्मीच वापरायची, आणि एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना तासाला एक युनिटच्या आसपास खातो. दोन बॅटऱ्यांवर दोन तासात संपलं.

चौथी म्हणावी अशी एक गोष्ट आहे ती मुलांसाठी. मागच्या बाकड्यांना सीटबेल्ट लावलेत म्हणून खूश होऊ नका, ते बेल्ट कुठं धरलेत ते बघा. प्लायवूडला स्क्रूनं धरलेला बेल्ट धडकेत बाकड्यासकट उपटून येतो. बेल्ट चासीला किंवा फ्लोअरच्या लोखंडाला बोल्टनं धरलेला पाहिजे, तसा नसेल तर ती बसायची जागा धरू नका, मुलं कुठं बसणार ते आधी ठरवा.

कागदाचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं मूळ गाडीत असा बदल आरटीओच्या परवानगीशिवाय करता येत नाही, केला तर तो आरसीवर चढला पाहिजे. आरसीवर कॅम्पर व्हॅन लिहिलंय का अजून टूरिस्ट गाडीच आहे ते बघा, सीट किती लिहिल्यात ते बघा. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन नॉन-ट्रान्सपोर्टमध्ये येते, पण अजून ट्रान्सपोर्टमध्येच (धंद्याच्या गाड्यांत) असेल तर आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस पासिंग लागतं आणि पासिंगला गाडी उभी केली की आतलं घर बघून अडवतील. त्याच्याहून मोठा धोका इन्शुरन्सचा, आरसीवर न चढलेला बदल असेल तर क्लेमच्या वेळी कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं. चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या पंचिंगशी स्वतः ताडून बघा, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३०, ई-चलन किती थकलीत ते एमपरिवहनवर. आरसीवर चढवून देतो, नंतर करू, असं मालक म्हणाला तर इसार देताना कागदावर तसं लिहून घ्या आणि चढल्याशिवाय बाकीची रक्कम द्यायची नाही.

माझं मत विचाराल तर, पुराची खूण नाही, वजन मापात, आरसीवर कॅम्पर चढलेली आणि घाटात काटा स्थिर, या चार गोष्टी जुळल्या तर ट्रॅव्हलर घ्यायला हरकत नाही, अकरा लाखातून टायर, पाटे, ब्रेकचं काम आणि बॅटऱ्या यांचा खर्च वजा करून बोला. विंगरचा पण विचार करताय असं लिहिलंय, ती जमिनीलगत, बसायला सोपी, आईंना चढायला बरी, पण तिचं चासी वेगळं नसतं, बॉडीच सगळं पेलते, त्यामुळं तिच्यात पत्रा कापलेला आणि गंजलेला ट्रॅव्हलरपेक्षा जास्त महाग पडतो, आणि पुढची चाकं ओढणारी गाडी असल्यामुळं पूर्ण स्टेअरिंग वळवून फिरवताना टकटक येते का ते ऐकायचं. बीएस-६ म्हणजे एप्रिल २०२० नंतरची कुठली गाडी बघितलीत तर स्कॅनर लावून डीपीएफची (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची) स्थिती बघा, उभी राहणारी आणि छोट्या फेऱ्या मारणारी गाडी डीपीएफ चोंदवते, आणि कुणी तो काढून टाकलेला असेल तर ती घेऊ नका.

घेतलीत तर पहिल्या आठवड्यात लांब कुठं जाऊ नका. इंजिन ऑइल, गिअर ऑइल, हाऊसिंग ऑइल, कूलंट, ब्रेक ऑइल, डिझेल आणि एअर फिल्टर, बेल्ट, सगळे रबरी पाइप एकदम बदलून घ्या, चारही चाकं उघडून ब्रेक साफ करून घ्या, मग कराडहून कोयनानगरपर्यंत एक रात्र मुक्कामाला जाऊन या, घरापासून जवळ आहे, काही निघालं तर टो करून आणता येतं. सीझनच्या आधी दर पंधरा दिवसांनी गाडी नुसती जागेवर चालू करून बंद करू नका, वीस-पंचवीस किलोमीटर खरोखर चालवून आणा.